सावरलेले कोकण, संपलेली शिल्लक

चिपळूणची बाजारपेठ पुन्हा गजबजली आहे. दिवेआगर, श्रीवर्धन, हर्णै, मुरूड इथल्या घरांवर नवे पत्रे कधीच चढले. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या किनाऱ्यावर दाटी करतात, हंगामात आंब्याच्या पेट्या वाशीला जातात, गणपतीला चाकरमानी येतात. मार्च २०२० ते जुलै २०२१ या सोळा-सतरा महिन्यांत या पट्ट्याने एक महासाथ, दोन चक्रीवादळे आणि एक महापूर झेलला, हे आज नवख्या माणसाला सांगून पटणार नाही. म्हणूनच ‘कोकण सावरले’ हे वाक्य व्यासपीठावरून बोलले जाते आणि आपणही ते माना डोलवत ऐकतो.

हे वाक्य अर्धेच खरे आहे. व्यवहार सुरू झाले ते लोकांनी ठेवी मोडून, सोने तारण ठेवून, पतसंस्थेचा बोजा वाढवून सुरू केले. नुकसान भरून निघाले नाही, ते घराघरांनी आपसांत वाटून घेतले आणि सोसले. पुढचे संकट आले की हीच घरे पुन्हा तेवढाच खर्च पेलतील असे गृहीत धरून आज वाढीचे बेत आखले जात आहेत. ते गृहीत खोटे ठरण्याची दाट शक्यता आहे आणि तो इशारा वेळेवर दिला पाहिजे.

आधी आकडे पाहू. राज्याच्या आर्थिक पाहणीने २०२०-२१ साली महाराष्ट्राच्या स्थूल उत्पन्नात ८ टक्के घट होईल असा अंदाज मांडला आणि पुढच्या वर्षाच्या पाहणीने १२.१ टक्के वाढीचा. दुसरा आकडा मथळ्यात दमदार दिसला. पण शंभराचे आधी ९२ झाले आणि त्यावर १२.१ टक्के वाढ धरली तर हिशेब १०३ च्या आसपास येतो. म्हणजे दोन वर्षांत मिळून जेमतेम तीन टक्के. त्यातही ही सरासरी साऱ्या राज्याची. २०२०-२१ च्या त्याच पाहणीत उद्योग आणि सेवा घसरत असताना शेती व संलग्न क्षेत्रे ११.७ टक्क्यांनी वाढतील असे म्हटले होते. पाऊस चांगला झाला होता, पिके जोमात होती, त्यामुळे राज्यापुरते ते समजण्यासारखे आहे. पण त्याच वर्षी श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगड या तालुक्यांतल्या बागा आडव्या झाल्या होत्या. राज्याच्या मोठ्या बेरजेत या चार तालुक्यांचे दुःख बुडून गेले.

उत्पन्नाच्या मोजमापातली खरी अडचण याहून खोल आहे. हे मोजमाप वर्षभरात काय निर्माण झाले ते सांगते. आधीपासून जमवलेले काय नष्ट झाले, ते सांगत नाही. वादळात उडालेले छप्पर उत्पन्नातून वजा होत नाही, नवे छप्पर घातल्यावर पत्रा, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी मात्र वाढीत धरली जाते. कुटुंबाने वीस वर्षांची बचत ओतून घर आणि दुकान पुन्हा उभे केले, तर कागदोपत्री ती भरभराट दिसते. सावरण्याची मोजणी नुसत्या उलाढालीवर केली की असा भास होणारच.

पुंजी कशी गेली ते दोन ठिकाणी जवळून पाहता येते. पहिले ठिकाण सुपारीची वाडी.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आदळले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. इथली वाडी म्हणजे एका पिकाचे शेत नसते. वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर मिरीचे वेल, मधे जायफळ, खाली केळी, आणि या सगळ्यांना पाटाचे पाणी. श्रीवर्धनी रोठा सुपारीला बाजारात मान आहे. पोफळ उंच, सडसडीत आणि एकटी उभी राहण्याच्या कामाची नाही, भोवतालची दाटीच तिला धरून ठेवते. कडेची झाडे मोडली तशी आतली उघडी पडली आणि काही तासांत पिढ्यांनी लावलेल्या वाड्या भुईसपाट झाल्या.

फळबागांसाठी हेक्टरी १८ हजार रुपयांची मदत तेव्हा ५० हजारांवर नेण्यात आली. ऐकायला ही मोठी वाढ आहे. पण कोकणातली वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टरात शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. एका गुंठ्यात पोफळी दहा-पंधरा तरी असतात. ओरड झाल्यावर झाडागणिक भरपाई ठरली, नारळाला २५० रुपये आणि सुपारीला ५०. मोडलेले झाड कापून वाडीबाहेर काढण्याची मजुरीही त्यात भागत नव्हती.

तेवढी रक्कम तरी हातात पडायला सातबारा आडवा आला. कोकणात आजोबांच्या नावचा उतारा नातवंडांपर्यंत सामायिक राहतो. त्यावर दहा-वीस नावे असतात, निम्मी मुंबईत, काही ठाणे-डोंबिवलीत, काही हयातही नसतात. वाडी राखणारा एक आणि संमतीपत्रे सगळ्यांची लागणार. तीही टाळेबंदीत, जेव्हा गावात यायचे तर विलगीकरणात बसावे लागत होते. पंचनामा झाला, यादीत नाव लागले आणि पैसे अडकले, अशी स्थिती ज्यांच्या वाट्याला आली त्यांना ‘मदत वाटप पूर्ण’ या बातमीचा अर्थ कसा लागावा?

सगळ्यात मोठा प्रश्न वर्षांचा आहे. पोफळीचे रोप लावल्यापासून धड उत्पन्न हाती यायला सात-आठ वर्षे लागतात, माडालाही साधारण तितकीच. २०२१ च्या पावसाळ्यात ज्याने वाडी पुन्हा लावली त्याला पहिले बरे पीक २०२८ च्या आसपास मिळेल. मधली वर्षे त्याने काय खायचे, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नव्हते. ते त्याने स्वतः शोधले. कुणी वाडीच्या कडेला चार खोल्या बांधून पर्यटक ठेवले, कुणी मुलाच्या पगारावर घर चालवले, कुणी वाडीचा तुकडा विकला. शेवटचा मार्ग ज्याने धरला त्याच्यापुरती ती पुंजी कायमची गेली.

दुसरे ठिकाण चिपळूणची बाजारपेठ. २२ जुलै २०२१, गुरुवार. घाटमाथ्यावर विक्रमी पाऊस कोसळत होता. वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी पहाटेपासून शहरात शिरले आणि पेठेतल्या दुकानांचे तळमजले बुडाले. कोयनेचे पाणी वीजगृहांतून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरते, त्याचा त्या दिवशी किती वाटा होता यावर वाद झाला. पण अतिवृष्टी, गाळाने उथळ झालेले पात्र आणि खाडीची भरती एकत्र आली की शहर बुडते, हे २६ जुलै २००५ लाच दिसले होते. वीजपुरवठा तुटल्यावर एका कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. साथ आणि पूर ही दोन संकटे कागदावर वेगळ्या खात्यांची असली, तरी त्या रुग्णांसाठी ती एकच होती.

दुकानदारांचेही तसेच. दुसऱ्या लाटेचे निर्बंध नुकते सैल होत होते, दुकाने चार वाजता बंद करावी लागत होती. सप्टेंबरात गणपती. वर्षभराचा धंदा गौरी-गणपतीच्या महिन्यावर तोललेला, म्हणून माल भरणे चालू होते. उदाहरण म्हणून हिशेब मांडून पाहू. कापडाच्या दुकानात बारा लाखांचा माल आहे, त्यातला पाच लाखांचा घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणि पाच लाखांचा बँकेच्या कॅश क्रेडिटवर. एका रात्रीत सगळा चिखल झाला. शासनाने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के, पण जास्तीत जास्त ५० हजार रुपये मदत जाहीर केली. टपरीवाल्याला कमाल दहा हजार. बँकेने उतरवायला लावलेला विमा बहुधा कर्जापुरता असतो, त्यातून बँक सुरक्षित होते. राहिलेली उधारी, नवे फर्निचर, नवे वायरिंग आणि पुन्हा भरायचा माल हे सगळे मालकाने बघायचे.

मे २०२० मध्ये केंद्राने तीन लाख कोटींची तातडीची पतहमी योजना आणली होती. तिने देशभरातल्या पुष्कळ लहान उद्योगांना तगवले, हे मान्य केलेच पाहिजे. पण तिचा आधार आधीच्या शिल्लक कर्जाच्या ठरावीक टक्क्यांएवढा होता. बँकेकडे कर्जच नसलेला, भिशी, पतसंस्था आणि नातलगांच्या पैशावर चालणारा व्यापारी तिच्या बाहेर राहिला. छोट्या शहरांच्या पेठा मुख्यतः अशाच लोकांच्या असतात. ज्यांना ती मिळाली त्यांच्याही हाती अखेर कर्जच आले. जुने कर्ज पाण्यात गेलेल्या मालाचे आणि नवे कर्ज नव्या मालाचे, असे दोन हप्ते एका गल्ल्यातून भरायचे. आज ते दुकान उघडे आहे, दिवे लागलेले आहेत, गिऱ्हाईकही आहे. ताळेबंदात मात्र ते पुराआधीच्या दुकानाहून दुबळे आहे.

या दोन चित्रांतून एक नियम निघतो. दोन आपत्तींमधले अंतर सावरायला लागणाऱ्या काळापेक्षा जास्त असेल तर प्रदेश टिकतो, कमी झाले तर तो दर फेरीला थोडा थोडा खचतो. वाडीला आठ वर्षे लागतात, दुकानाच्या कर्जाला पाच-सात, मच्छीमाराच्या नौकेला आणि इंजिनाच्या कर्जालाही जवळपास तितकीच. आता दुसरी बाजू पाहा. २००९ मध्ये फयान चक्रीवादळ. मग ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये क्यार आणि महा, ऐन मासेमारीच्या हंगामात. जुलै २०१९ मध्ये तिवरे धरण फुटले. जून २०२० मध्ये निसर्ग, मे २०२१ मध्ये तौक्ते, त्याच जुलैत महाड-चिपळूणचा पूर आणि तळियेची दरड, जीत ऐंशीहून अधिक माणसे गेली. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीची दरड. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला आणि शेवटच्या टप्प्यातला आंबा झाडावरच भिजला. आंब्याच्या पीकविम्याचा काळ मेच्या मध्याला संपत असेल आणि वादळे-पाऊस त्याच सुमारास येत असतील, तर तो विमा कोणाच्या कामाचा?

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले आहे. समुद्र तापतो आहे, तेव्हा दोन आपत्तींमधले अंतर पुन्हा लांबेल अशी आशा धरायला आधार नाही.

यावर एक दिलासा नेहमी दिला जातो. कोकण कायम मुंबईच्या पैशावर तगले, पुढेही तगेल. यात इतिहास आहे. एका ठिकाणी आपत्ती आली तर दुसऱ्या ठिकाणचा पगार आधार देतो, हा कोकणी कुटुंबाचा खरा विमा होता. १९८२ च्या गिरणी संपात तो पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तुटला. गिरणगाव बंद पडले तेव्हा निदान गावची वाडी उभी होती. २०२० मध्ये मुंबईचा पगार आणि गावची वाडी एकाच वेळी गेली. मार्चपासून शहर बंद, चाकरमानी गावी परतलेला, आणि जूनमध्ये त्याच्या डोक्यावरचे छप्पर उडाले. दोन्ही टोके एकदम खचू शकतात हे एकदा दिसल्यावर त्या जुन्या विम्यावर विसंबून जिल्ह्याचे नियोजन करणे बेजबाबदारपणाचे आहे.

दुसरा युक्तिवाद मोठ्या प्रकल्पांचा. महामार्ग, विमानतळ, बंदरे, कारखाने आले की उत्पन्न वाढेल आणि नुकसान सोसण्याची ताकद आपोआप येईल, असे म्हणतात. रोजगाराची गरज खरी आहे. गावे रिकामी होत आहेत आणि तरुणांना इथेच काम हवे आहे, ती मागणी कोणी तुच्छ लेखू नये. पण ज्या पद्धतीने कामे होतात त्यातून धोकाच वाढतो. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण एका दशकाहून अधिक काळ रेंगाळले. उभे कापलेले डोंगर परशुराम घाटात पावसाळ्यामागून पावसाळे खाली येत राहिले आणि तिथली वाहतूक बंद ठेवावी लागली. डोंगराची सुटलेली माती शेवटी नदीत जाते आणि नदीतला गाळ पेठेत येतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्येच पश्चिम घाटाच्या उतारांबद्दल सावध केले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती झाली, २०१४ पासून संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना निघत राहिल्या, सहावी निघाली ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडच्या दरडीच्या दुसऱ्या दिवशी. अंतिम निर्णय लांबत गेला आणि तोवर उतार कापले जात राहिले.

पूररेषेचेही भिजत घोंगडे आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा नकाशावर आखली गेली, आणि चिपळूणचा मोठा भाग त्यात आला. लोक चिडले, कारण घराची डागडुजी अडते, कर्ज अडते, जागेचा भाव पडतो. त्यांचे चुकले असे म्हणता येत नाही. रेषा आखणाऱ्याने आत राहणाऱ्यांपुढे पर्याय ठेवायला हवा होता, तो ठेवला नाही. गाळ काढण्यासाठी तर चिपळूणकरांना उपोषणाला बसावे लागले, तेव्हा यंत्रे नदीत उतरली आणि नाम फाउंडेशनसारखी संस्था मदतीला आली. शहराचा जीव वाचवणारे काम आंदोलनाशिवाय सुरू होत नसेल तर ते आंदोलन थकल्यावर थांबण्याची भीती राहतेच.

पैशाची रचनाही तपासावी. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला ८० टक्के वाटा मुख्यतः आपत्तीनंतरच्या कामांसाठी आणि २० टक्के सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठी ठेवला. पूर्वी असा वेगळा वाटाच नव्हता, त्यामुळे हे पाऊल चांगले. महाराष्ट्र सरकारने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,५०० कोटींची तरतूद जाहीर केली, तिच्यात तातडीच्या मदतीला १,५०० कोटी, पुनर्बांधणीला ३,००० कोटी आणि दीर्घकालीन उपायांना ७,००० कोटी होते. याचा अर्थ बहुतेक पैसा प्रतिबंधावर खर्च व्हायला हवा, हे सरकारला तेव्हाच उमगले होते. दुर्दैवाने तातडीची मदत लवकर वाटली जाते, कारण ती दिसते. दीर्घकालीन काम मात्र निविदा आणि मंजुरीत मुरते. तळियेच्या लोकांना कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत पावसाळे काढावे लागले. इर्शाळवाडीचे तर दरडप्रवण गावांच्या यादीत नावच नव्हते.

मग करायचे काय? पहिली गोष्ट मोजणीची. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांनी आपत्तीनंतर कुटुंबांचे कर्ज, सोनेतारण, विकलेली जमीन आणि पुन्हा न लावलेली झाडे यांची पाहणी करावी. पतसंस्था आणि जिल्हा बँकांकडे यातली बरीच माहिती पडून आहे. ती एकत्र केल्याशिवाय ‘सावरले’ हा शब्द अहवालात येऊ नये.

दुसरी गोष्ट, मदत काळाशी जोडावी. झाडाची भरपाई एकरकमी ५० रुपये देण्यापेक्षा वाडी पुन्हा लावणाऱ्याला पीक येईपर्यंत दरवर्षी निर्वाह रक्कम मिळावी, आणि ती राखणाऱ्याच्या नावावर मिळावी. सामायिक उताऱ्यावर कसणाऱ्याची नोंद करून मदत देण्याचा सोपा मार्ग महसूल खात्याने काढला तर निम्मे अडथळे दूर होतील.

तिसरी गोष्ट पेठांची. पूररेषेतल्या दुकानांना नुसती बंदी घालू नये. वरच्या मजल्यावर साठवण करण्याची परवानगी आणि त्यासाठी स्वस्त कर्ज, उंचावरचे सामायिक गोदाम, आणि धरण, पाऊस, भरती या तिन्हींची माहिती जोडून काही तास आधी दिलेली खात्रीची सूचना, एवढे मिळाले तरी माल वाचतो. माल वाचला की दुसरे कर्ज टळते. व्यापारी संघटना आणि सहकारी बँका मिळून पुराचा सामूहिक विमा उतरवू शकतात, त्याच्या हप्त्यात शासनाने वाटा उचलावा. पुरानंतर ५० हजार वाटण्यापेक्षा ते स्वस्त पडेल.

चौथी गोष्ट डोंगरांची. घाटातले प्रत्येक बांधकाम, खाण आणि रस्ता यांच्या खर्चात उतार बांधून काढण्याचा आणि खालच्या नदीत जाणाऱ्या गाळाचा खर्च धरला पाहिजे. आज तो खर्च प्रकल्प उचलत नाही, खालच्या शहरातला दुकानदार उचलतो.

कोकणाने मदतीसाठी हात पसरला नाही, याचे आपण फार कौतुक केले. मे २०२० मध्ये एसटीने मालवाहतूक सुरू केली तेव्हा रत्नागिरीचा आंबा लाल गाडीतून मुंबईकडे गेला. बागायतदारांनी थेट सोसायट्यांच्या दारात पेट्या पोचवल्या. पुरानंतर राज्यभरातून माणसे फावडी घेऊन चिपळूणला धावली. हे सगळे अभिमानाचेच आहे. पण या चिवटपणाला मर्यादा नाही असे समजून धोरण आखणे हा त्या माणसांवर अन्याय आहे. साठवण एकदाच मोडता येते आणि तारण ठेवलेले सोने सोडवल्याशिवाय पुन्हा तारण ठेवता येत नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत वाढीचा दर सांगण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरे ठेवावीत. २०२१ मध्ये बुडालेल्या दुकानांपैकी किती पुराच्या कर्जातून मोकळी झाली? २०२० मध्ये मोडलेल्या वाड्यांपैकी किती पुन्हा उत्पन्नाला आल्या? आणि तसेच वादळ उद्या आले तर आपले नुकसान तेव्हापेक्षा कमी होईल की जास्त? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘जास्त’ असेल, तर आपण सावरलेलो नाही. दोन संकटांच्या मधल्या काळात उभे आहोत, आणि तो काळ लोकांच्या उरल्यासुरल्या पुंजीवर घालवत आहोत.